परिवहन आयुक्तांना खुलं पत्र: गाडीवर काय चालतं ते शोरूममध्येच सांगा, नाक्यावर नको

मा. परिवहन आयुक्त, महाराष्ट्र राज्य यांस,

साहेब किंवा मॅडम, हे वाचताना त्या खुर्चीत जे कोणी असाल त्यांना नमस्कार.

मागणं आधीच सांगून टाकतो म्हणजे तुमचा वेळ वाचेल. प्रायव्हेट गाडीत मालकाला कोणते बदल बिनधास्त करता येतात, कोणत्या बदलासाठी आरसीवर नोंद करून घ्यावी लागते आणि कशाला हातच लावायचा नाही, याची साध्या मराठीत एक यादी काढा. आणि ती राज्यातल्या प्रत्येक शोरूमच्या काउंटरवर, ऑन-रोड किमतीच्या कागदाशेजारी लावायला लावा. बाकीचं पत्र हे का मागतोय ते सांगायला आहे आणि ते जरा लांबलंय, तेव्हा चहा मागवून वाचा.

मी अकोल्याचा. घरात आई, आम्ही दोघं, दोन पोरं आणि दारात एक डिझेल मिडसाइझ एसयूव्ही. आमच्यासारखे लोक ही गाडी काही डोंगर चढायला घेत नाहीत, फोर व्हील ड्राइव्हचं व्हेरिअंट तर कुणी विचारत पण नाही. पाच माणसं, दिवाळीच्या बॅगा, गावावरून येताना डाळीचं पोतं आणि हायवे सोडला की लगेच सुरू होणारे खड्डे, यात खालच्या गाडीचं पोट घासतं म्हणून उंच गाडी. हिशोब एवढाच.

सरकारच्या लेखी मात्र ही चैन आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले, चार मीटरच्या आतल्या छोट्या इंजिनच्या गाड्या १८ टक्क्यांवर आल्या आणि आमची चार मीटरच्या वरची म्हणून ४० टक्के (आधी सेस धरून ४५ ते ५० पडायचे, त्या मानाने कमी झाले हे मान्य). आता १६ लाख एक्स-शोरूमची डिझेल गाडी धरा. त्यात साडेचार लाखांच्या वर जीएसटी आधीच बसलेला असतो, वरून आपल्या राज्याचा वन टाइम टॅक्स, १० ते २० लाखांच्या डिझेल गाडीला १४ टक्के, म्हणजे अजून २ लाख २४ हजार. दोन्ही मिळून पावणेसात लाखांच्या वर जातं. एवढे पैसे भरलेल्या माणसाने एक छापील यादी मागितली तर ते जास्त होत नाही असं मला वाटतं. (जाता जाता बाकी वाचणाऱ्यांसाठी: १० लाखांच्या वरच्या गाडीवर शोरूमवाले जो १ टक्का टीसीएस, म्हणजे आधीच कापून घेतलेला इन्कम टॅक्स, घेतात तो रिटर्न भरताना टॅक्समधून वजा होतो किंवा परत मिळतो, बरेच जण विसरून जातात, विसरू नका.)

आता ही यादी शोरूममध्येच का हवी ते सांगतो, कारण सगळा घोळ तिथेच सुरू होतो.

एकाच मॉडेलचे दहा-बारा व्हेरिअंट असतात आणि सगळ्यात खालच्या नि सगळ्यात वरच्या व्हेरिअंटमध्ये पाच-सात लाखांचा फरक. पत्रा तोच, इंजिन बऱ्याचदा तेच. मग सेल्समन आवाज खाली करून सांगतो की सर टॉप कशाला घेता, मधलं घ्या, बाकीचं आपण इथेच करून देऊ. आणि एक चकचकीत कॅटलॉग समोर येतो, त्यात फूटबोर्ड, रूफ कॅरिअर, बंपर गार्ड, लेदरसारखं दिसणारं सीट कव्हर, एलईडी, काचेवरची फिल्म, मोठे अलॉय, सगळं फोटोसकट. काही वस्तू कंपनीच्या स्वतःच्या ॲक्सेसरी लिस्टमधल्या असतात, काही डीलरने बाहेरून आणलेल्या, आणि बिलावर दोन्ही एकाखाली एक छापून येतात, जीएसटी लावून. कुठलं कंपनीचं आणि कुठलं कुणाचं हे त्या बिलावरून तुम्हाला पण कळणार नाही, आम्हाला काय कळणार. पासिंग आधी झालेलं असतं, म्हणजे आरटीओच्या रेकॉर्डला साधी गाडी गेलेली असते, आणि मग डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी वर्कशॉपमध्ये ही सगळी सजावट चढते. दुसऱ्या दिवशी नारळ, हळदकुंकू, लिंबू-मिरची, भल्यामोठ्या पुठ्ठ्याच्या किल्लीसोबत फॅमिली फोटो आणि चला घरी.

पुढे कधीतरी कुठल्यातरी नाक्यापाशी पथक उभं असतं.

"हे कुणी बसवलं?"
"शोरूमने, साहेब."
"बिल कुणाच्या नावावर?"
"माझ्या."
"मग चलन पण तुमच्याच."

तुमच्या माणसावर माझा राग नाही, कायद्याने तो बरोबरच बोलतोय. मी तो कायदा बसून वाचला. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. त्यात म्हटलंय की आरसीवरचा तपशील कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाने करायचा नाही. आणि ९ जानेवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टाने केरळच्या एका प्रकरणात हेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन कलम १८२ए आलं, त्यात मालकाला बेकायदा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड, किंवा दोन्ही. प्रत्येक बदलामागे, हे लक्षात घ्या, म्हणजे शोरूमच्या कॅटलॉगमधल्या चार वस्तू बेकायदा निघाल्या तर चार वेळा.

पण त्याच कलम ५२ च्या शेवटी एक स्पष्टीकरण पण आहे आणि ते नाक्यावर कुणी सांगत नाही. बदल म्हणजे गाडीच्या रचनेतला असा बदल ज्यामुळे तिचं मूळ वैशिष्ट्य बदलतं. आता रबरी मॅटने मूळ वैशिष्ट्य बदलत नाही हे शेंबड्या पोरालाही कळतं आणि छत कापून सनरूफ बसवलं तर बदलतं हे पण कळतं. अडचण या दोघांच्या मध्ये जे पडतं त्याची आहे आणि कॅटलॉगमधल्या बहुतेक वस्तू नेमक्या तिथेच पडतात. फूटबोर्ड रचना आहे का? कॅरिअर आहे का? एक साहेब बघून पण न बघितल्यासारखं करतात, दुसऱ्या जिल्ह्यात दुसरे साहेब पावती फाडतात, आणि दोघंही आपल्या जागी खरे असू शकतात कारण दोघांच्याही हातात ठरवून दिलेली यादी नाहीये.

आणि डीलरचं काय, तर त्याच १८२ए च्या पहिल्याच उपकलमात डीलर आहे! गाडीच्या बांधणीचे आणि उपकरणांचे नियम मोडून डीलरने गाडी विकली किंवा बदलून दिली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा गाडीमागे एक लाख दंड, किंवा दोन्ही. सुटायला एक वाट ठेवलीय, ती म्हणजे विकताना ग्राहकाला सांगितलं होतं की या गाडीत अमुक गोष्ट नियमाबाहेर आहे, हे त्याने सिद्ध करायचं. म्हणजे बघा, ग्राहकाला आधी सांगावं हे कायद्यालाच अपेक्षित आहे, मी काही जगावेगळं मागत नाहीये. मी इतक्या डिलिव्हऱ्या बघितल्या, स्वतःची, भावाची, मित्रांची, पण "सर हे बसवलंत तर चलन होऊ शकतं" असं वाक्य एकाही शोरूममध्ये ऐकलेलं नाही.

आता एकेका वस्तूवर येतो, आणि आधीच सांगतो की सगळ्यात मी मालकाची बाजू घेणार नाहीये.

बंपर गार्ड, ज्याला बुल बार म्हणतात, तो बंदच पाहिजे. केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना पत्र पाठवून कारवाई करायला सांगितलं होतं आणि कारण अगदी पटण्यासारखं आहे. गाडीचं नाक धडकेत चुरगळावं असंच बनवलेलं असतं, त्या चुरगळण्यातच धडकेचा जोर जिरतो आणि सेन्सरला कळतं की एअरबॅग कधी उघडायची. पुढे लोखंडी पाइप लावला की तो जोर सरळ चॅसिसवर आणि आतल्या माणसांवर, एअरबॅगचं टायमिंग चुकू शकतं आणि समोर पायी चालणारा असला तर त्याचं तर काही खरंच नाही. तरी अजून ते गार्ड राजरोस विकले जातात, आणि लोक "गाडीला प्रोटेक्शन" म्हणून लावतात. गाडीचा बंपर वाचवायला माणूस पुढे करायचा हा कुठला हिशोब. इथे पावती फाडा, पण ज्या दुकानातून ते निघालं त्या दुकानाची पण फाडा.

तसंच हेडलाइटचं. हॅलोजनसाठी बनवलेल्या रिफ्लेक्टरमध्ये बाजारातला एलईडी बल्ब कोंबला की उजेड जिथे पडायला पाहिजे तिथे पडत नाही, सगळीकडे फुटतो, आपल्याला वाटतं वा काय पांढरा प्रकाश आणि समोरचा आंधळा होतो. रात्री सिंगल रोडवर समोरून असा एक जण आला की शिव्याच निघतात तोंडातून. कंपनीत ६०/५५ वॉटचा साधा बल्ब होता तोच बरा होता, उजेड कमी वाटत असेल तर आधी काच पॉलिश करा आणि लाइटचा अँगल सेट करा. यावर कारवाई वाढवलीत तर मी स्वतः पेढे घेऊन येईन.

मोठ्या आवाजाचा सायलेन्सर आणि रीमॅप, म्हणजे ताकद वाढवायला इंजिनच्या सॉफ्टवेअरमध्ये केलेला बदल, यावर मला फार बोलायचं नाहीये. फॅमिली गाडीत ते करणाऱ्याला यादीची नाही, घरच्यांनी समजावण्याची गरज आहे.

पण आता हे बघा. सीट कव्हर. आजकाल या गाड्यांमध्ये सहा एअरबॅग असतात आणि त्यातल्या साइडच्या दोन पुढच्या सीटच्या कडेतून, शिवण फाडून बाहेर येतात. त्यावर जाड, घट्ट, बाजू बंद असलेलं कव्हर चढवलं की ती बॅग उघडणार कशी? गाडीच्या मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं, सीटवर तसा एअरबॅगचा टॅग पण असतो, आणि त्याच टॅगवरून कव्हर ओढून बसवतात, तेही शोरूममध्ये! बाजू उघडी असलेली कव्हर मिळतात, पण मागितली तर. नाक्यावर कुठल्याही साहेबाने आजवर सीट कव्हर तपासलेलं मी पाहिलं नाही कारण ते बाहेरून दिसत नाही. म्हणजे दिसतं त्यावर चलन आणि जिवावर बेतू शकतं ते सुटलं. सीट बेल्टच्या खाचेत अडकवायची ती क्लिप पण याच जातीची, बेल्ट न लावता बीप बंद करणारी. २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच मोठ्या ऑनलाइन कंपन्यांना ती विकायची बंद करायला लावली हे फार चांगलं झालं, पण रस्त्याकडेच्या ॲक्सेसरीच्या दुकानात ती अजून गणपतीच्या फोटोशेजारी लटकलेली दिसते. सप्टेंबर २०२२ मध्ये पालघरजवळ सायरस मिस्त्री गेले तेव्हा मागच्या सीटच्या बेल्टवर केवढी चर्चा झाली, मुंबईत १ नोव्हेंबरपासून मागे पण बेल्ट सक्तीचा केला, आणि इकडे आमच्यात सीट कव्हर बसवणारा मागचे बेल्टचे बकल सरळ कव्हरखाली दाबून टाकतो. गाडी घेतल्यापासून ते बकल कधी बाहेरच आले नाहीत अशा किती गाड्या असतील, एकदा पथकाला फक्त एवढंच बघायला सांगा.

आता फिल्म. इथे मात्र मला भांडायचंय.

अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. दुपारी गाडीचं दार उघडलं की आतून भट्टीची वाफ येते, स्टिअरिंगला हात लावता येत नाही, पोरं सीटवर बसायला तयार नसतात. गाडी घेताना एसीची किंमत मोजलीच आहे, पण काचेतून जे ऊन आत येतं त्यापुढे एसीचं पण काही चालत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १०० काय म्हणतो तर पुढच्या आणि मागच्या काचेतून ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून ५० टक्के उजेड आरपार दिसला पाहिजे. ठीक. २७ एप्रिल २०१२ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की वरून कुठलीच फिल्म चिकटवायची नाही, कितीही पारदर्शक असो. ते पण ठीक, काळ्या काचांमागे काय काय चालायचं ते सगळ्यांना माहितीये. पण नंतर नियमच बदलला, १ एप्रिल २०२१ पासून त्यात काचेबरोबर सेफ्टी ग्लेझिंग आलं, म्हणजे आतून प्लास्टिकचा थर असलेली काच पण, आणि त्याच आधारावर २०२४ मध्ये केरळ हायकोर्टाने म्हटलं की टक्केवारी पाळत असेल तर अशा फिल्मवर दंड करता येणार नाही. आता मला सांगा, हे महाराष्ट्रात लागू धरायचं की नाही? फिल्मवाला प्रमाणपत्र देतो, क्यूआर कोड देतो, म्हणतो दाखवा आणि निघा. नाक्यावरचे साहेब म्हणतात फिल्म म्हणजे फिल्म, ओढा. काही पथकांकडे उजेड मोजायचं मशीन असतं, काहींकडे नसतं, मग नुसतं नखाने कोपरा खरवडून निकाल. काही मॉडेलना तर कंपनीचीच मागची काच गडद येते, ती चालते. मला काळी काच नकोय. ५० टक्क्यांच्या नियमात बसणारी, ऊन अडवणारी पारदर्शक फिल्म विदर्भ-मराठवाड्यात चालेल की नाही, एवढं हो किंवा नाही मध्ये तुमच्या सहीने लिहून द्या. नाही म्हणालात तरी चालेल, आम्ही पैसे वाया घालवणार नाही.

फूटबोर्ड हा आमच्या घरचा नाजूक विषय. आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय. या गाड्यांचा ग्राउंड क्लिअरन्स २०० मिलिमीटरच्या आसपास आणि सीट त्याच्या कितीतरी वर, तिला चढताना एक हात दाराला, एक माझ्या खांद्यावर आणि तोंडाने माझा उद्धार. खाली एक पायरी असली की ती एकटी चढते. ही पायरी कंपनीच्या स्वतःच्या ॲक्सेसरी लिस्टमध्ये पार्ट नंबरसकट असते, म्हणजे गाडी बनवणाऱ्यालाच मान्य आहे. मग ती मूळ तपशिलाच्या बाहेरची कशी झाली? पण बाजारातलं कुठलंही लोखंडी फूटबोर्ड चालावं असं माझं म्हणणं नाही, कारण यात एक तांत्रिक गोष्ट आहे. स्कॉर्पिओ-एन, बोलेरोसारख्या गाड्यांना खाली शिडीसारखी वेगळी चॅसिस असते, तिथे असं काही बसवायला आधार मिळतो. क्रेटा, सेल्टोस, हॅरिअर या मोनोकॉक, म्हणजे पत्र्याचा सांगाडा हीच चॅसिस, तिथे कुणी हातोहात ड्रिल मारून भोक पाडलं की गंज पकडायला जागा झाली आणि ताकदीचं गणित पण बिघडलं. कंपनीची पायरी आधीच दिलेल्या भोकांवर बसते, बाजारातली बऱ्याचदा नाही. यादीत हा फरक लिहा ना. कंपनीचा पार्ट नंबर असलेली, ड्रिल न मारता बसणारी, गाडीच्या रुंदीबाहेर न येणारी पायरी चालेल. झालं, एका ओळीत काम होतं.

कॅरिअरचं पण असंच. कोकणातला जावई गणपतीला गावी निघाला की त्याच्या गाडीत माणसं जास्त आणि डिकी कमी असते, आमच्यातला माणूस पंढरपूर-तुळजापूर करून येतो तेव्हा तीच गत. सात सीटची गाडी असेल तर तिसरी रांग उघडली की मागे जेमतेम एक पिशवी मावते. मग सामान छतावर. बऱ्याच मॉडेलच्या छतावर त्या चांदीच्या दोन पट्ट्या दिसतात त्या कित्येकदा नुसत्या शोभेच्या असतात, मॅन्युअलमध्ये तसं लिहिलेलं पण असतं, आणि ज्या खऱ्या असतात त्यांच्यावर किती किलो चढवायचं याची मर्यादा पण तिथेच असते. ते कुणी वाचत नाही, शोभेच्या पट्टीवर क्लॅम्प आवळतात, ताडपत्री, दोरी आणि निघाले. वर वजन वाढलं की वळणावर गाडी कलंडायचा धोका वाढतो, उंच गाडीत तर अजूनच. म्हणून कॅरिअर हवा की नको यापेक्षा कुठल्या छतावर किती वजन हे तुम्ही सांगायला लावा. तिसरी रांग कायमची काढून टाकणारे पण आहेत, त्यांना माहीतच नसतं की सीटांची संख्या आरसीवर लिहिलेली असते.

टायर. क्रेटाचंच घ्या, खालच्या व्हेरिअंटला २०५/६५ आर१६ आणि वरच्याला २१५/६० आर१७ असे टायर कंपनीकडूनच येत आले. मग १६ इंची चाकवाल्याने पुढे जाऊन कंपनीचेच १७ इंची अलॉय आणि तेच टायर लावले तर तो बदल म्हणायचा का? मॉडेल तेच, इंजिन तेच. साधं गणित केलं तर मोठ्या टायरचा व्यास अडीच टक्क्यांनी जास्त निघतो, म्हणजे मीटर १२० दाखवेल तेव्हा तेवढा खरा वेग थोडा वर. आम्ही शेलूबाजारला समृद्धीवर चढतो, तिथे मर्यादा १२० ची आहे, कॅमेरे आहेत, टायर तपासणी पण होते आणि ती व्हायलाच पाहिजे. तिथे टायरची झीज बघतात, पण साइझ व्हेरिअंटबाहेरची आहे का हे विचारलं तर नेमकं कुठल्या कागदावर बघायचं? मडगार्डबाहेर आलेले रुंद टायर पट्टी लावून पकडणं सोपं आहे, ते पकडाच.

इन्शुरन्सवाल्यांची तर वेगळीच मजा. पॉलिसीच्या फॉर्मवर इलेक्ट्रिकल आणि नॉन-इलेक्ट्रिकल ॲक्सेसरी असे दोन रकाने असतात, वस्तूची किंमत टाका, प्रीमियम वाढवून घ्या. घेताना कुणी विचारत नाही की ही वस्तू कायद्यात बसते का. क्लेमच्या वेळी मात्र सर्व्हेअर गाडीभोवती फिरून फोटो काढतो आणि वायर कापलेली दिसली की त्याचे डोळे चमकतात. वायरिंग कापून बसवलेला हॉर्न, कॅमेरा, लाइट यांनी कंपनीची वॉरंटी पण अडचणीत येते. कपलरवर, म्हणजे कंपनीच्या तयार जोडणीवर, बसणारी वस्तू आणि वायर कापून बसणारी वस्तू यातला फरक गिऱ्हाइकाला सांगायची सक्ती करा, निम्मे वाद तिथेच मिटतील. आणि सेकंड हँड गाडी घेणाऱ्याचा तर विचारच कुणी करत नाही. आधीच्या मालकाने काय काय करून ठेवलंय ते त्याला दिसत नाही, नावावर झाली की कायद्याने मालक तो, आणि दंड पण त्याच्याच गळ्यात.

तुम्ही म्हणाल कायदा केंद्राचा आहे, आम्ही काय करणार. कबूल. पण अंमलबजावणी तुमची, पथकं तुमची, डीलरला गाड्यांचा धंदा करायला लागणारं ट्रेड सर्टिफिकेट पण तुमच्याच खात्याकडून मिळतं. आणि ही व्यवस्था बसवता येते हे तुम्हीच सीएनजीत करून दाखवलंय. सीएनजी किट म्हणजे गाडीतला केवढा मोठा बदल, इंधनच बदलतं, तरी मान्यताप्राप्त किट, अधिकृत फिटमेंट सेंटर, आरसीवर नोंद, दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी), सगळं ठरलेलं आहे आणि गावातल्या रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांना पाठ आहे. रंग बदलायचा तर परवानगी काढून नोंद करता येते. मग एका पायरीसाठी आणि दोन पट्ट्यांसाठी रस्ता का नसावा?

अजून एक. यादी निघाली की लगेच दुसऱ्या दिवशी मोहीम काढू नका. एचएसआरपी नंबर प्लेटला किती वेळा मुदत वाढवून दिली ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं, इथे तेवढी पण नको, एकदाच थोडी मुदत द्या, म्हणजे ज्याला गार्ड आणि बल्ब काढायचे तो काढेल, ज्याला नोंद करायची तो करेल. त्यानंतर बेलाशक पावती फाडा. आणि त्या मुदतीत शोरूमना सांगा की नियमाबाहेरची जी वस्तू स्वतःच्या बिलावर विकली ती फुकट काढून द्यायची. पैसे परत द्या असं म्हटलं असतं, पण मला माझ्या राज्याची कल्पना आहे.

डिलिव्हरीच्या वेळी ढीगभर कागदांवर सह्या घेतात, त्यात अजून एक कागद वाढवा. आपल्या गाडीत आम्ही या या वस्तू बसवल्या, यातली कंपनीची कोणती, बाहेरची कोणती, नोंद कशाला लागेल, आणि खाली डीलरचा शिक्का. आमची सही नंतर, त्यांचा शिक्का आधी. नाक्यावर तो कागद दाखवता आला पाहिजे आणि तुमच्या माणसाने तो वाचला पाहिजे.

दसरा, धनतेरस, पाडवा या दिवशी शोरूमसमोर हार घातलेल्या गाड्यांची रांग लागते, फिटिंगवाल्या पोरांना जेवायला वेळ नसतो. पुढच्या दसऱ्याच्या आधी ती यादी काउंटरवर पोचेल असं बघा. वेबसाइटवर टाकणार असाल तर फोनवर वाचता येईल अशी टाका, तिरकी स्कॅन केलेली, वरून शिक्का मारलेली आणि त्या शिक्क्याखाली नेमका महत्त्वाचा शब्द झाकलेला, तशी नको.

आपला,
एक गाडीमालक, एमएच-३०